मिठातल्या पानांचा आळ

मी एक जुना रांजण आहे, आणि माझ्यासमोर एक माणूस हातोडा घेऊन उभा आहे.

मित्रांनो, आत्मवृत्त असे सुरू करत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. आधी जन्म सांगायचा, मग उमेदीची वर्षे, मग चार लोकांनी केलेले कौतुक, आणि शेवटी डोळ्यांत पाणी. पण माझ्याजवळ तेवढी सवड नाही. आमच्या शेजारच्या दॉकबेने बाह्या सरसावल्या आहेत. त्याची बायको बोंगजा त्याला म्हणते आहे, की आधी रांजणावर जुनी गोधडी टाका, नाहीतर खापऱ्या उडून डोळ्यांत जातील.

"गोधडी कुठाय?"

"अहो, तुमच्या नाकासमोर दोरीवर वाळतेय ती काय आहे? देशाचा झेंडा?"

"ती तर चांगली आहे."

"मग खाली जाऊन फाटकी आणा. माळ्यावर आहे, डाव्या हाताला. आणि तिकडेच टीव्ही बघत बसू नका!"

दॉकबे खाली गेला. तो वर येईपर्यंतचा वेळ माझा. तेवढ्यात सांगतो. क्रम मला एकच माहीत आहे, ज्या क्रमाने मला घडवले तो. तळापासून तोंडापर्यंत.

माझ्यावरचा आळ असा: या गच्चीवरची मिरचीची सगळी रोपे मी मारली.

तळ

दक्षिणेकडच्या समुद्रकाठच्या एका गावात माझा तळ थापला गेला. कुंभाराने त्यावर मातीची लांब वळी गोल गोल चढवली. आतून एका हातात लाकडी ठोकळ्याचा आधार, बाहेरून दुसऱ्या हाताने थापीचा मार. मार खातच माझी भिंत उभी राहिली, तेव्हा मी हातोड्याला भ्यालो आहे असे कृपा करून समजू नका. मला संताप आला आहे. ती वेगळी गोष्ट आहे.

माझी भिंत वाळल्यावर त्याने मला राखेच्या आणि डोंगरातल्या मातीच्या काल्यात बुडवून काढले. झिलई ओली असतानाच बोटे फिरवून माझ्या पोटावर एक पान काढले. इतके झरझर, की माशी हाकलावी तसे. कशाचे पान ते त्याने सांगितले नाही. पुढे पानांपायीच माझ्यावर ही वेळ यायची होती, पण ते त्याला काय ठाऊक.

भट्टीत भाजून निघालो तो श्वास घेतच. हे लक्षात ठेवा. माझ्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आहेत. हवा आतबाहेर करते, पाणी गळत नाही. काचेच्या बाटलीला हे जन्मात जमायचे नाही.

पोट

माझी मालकीण मालसुन त्या वेळी नवी नवरी होती. तिच्या सासूने बाजारात मला बोटाच्या पेराने ठोकून पाहिले, कान लावला, आणि म्हणाली, "हा घ्या. याचा आवाज खोल आहे."

सोया सॉससाठी माझ्यात मिठाचे पाणी भरले. त्यात सोयाबीनच्या वाळवलेल्या विटा सोडल्या, वर कोळशाचे तुकडे आणि लाल मिरच्या तरंगत ठेवल्या. गळ्याभोवती गवताची दोरी बांधली. आणि पोटावर, त्या कुंभाराच्या पानाशेजारी, पांढऱ्या कागदाचा मोजा कापून उलटा चिकटवला, बोटे वर. वाईट काही रांजणाकडे चालत आलेच तर त्या मोज्यात शिरावे आणि तिथेच वाट चुकावे, म्हणून. पुढे वर्षानुवर्षे दर वसंतात माझ्या पोटावर नवा मोजा लागत गेला. राजाच्या छातीवर पदक लागावे तसा मी उभा असे.

भिंतीतून मीठ बाहेर झिरपून माझ्या अंगावर पांढरी फुले येत. मालसुन ती ओल्या फडक्याने पुसायची. शेजारणी म्हणायच्या, "तुझा रांजण जिवंत आहे गं." माझ्या अंगातले मीठ तेव्हा भूषण होते! माझ्या सोया सॉसशिवाय या घरात सूप झाले नाही, बाळंतिणीच्या समुद्री शेवाळाच्या सूपालाही माझ्यातलाच चमचा लागला.

मग मालसुन सोल शहरात आली, टेकडीच्या उतारावरच्या या चारमजली इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर. मला गच्चीवर ठेवले. सून आली, हेरिम. स्वभावाने चांगली, पण पहिल्याच महिन्यात म्हणाली, "आई, एवढा खटाटोप कशाला? बाटलीत मिळतो की."

बाटलीत!

मी रिकामा झालो. दॉकबे माझ्या झाकणात सिगारेटची थोटके विझवू लागला. होय, हाच शेजारचा दॉकबे. ज्याच्या लग्नाच्या जेवणात माझाच सोया सॉस होता, तो माझ्या झाकणाचे रक्षापात्र करून शेजारी उभा राहून शिट्टी वाजवत असे. त्या काळाबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही. बोललो तर भाषा घसरेल.

(जिन्यात पावले वाजली. नाही, तो नाही. मांजर.)

कमर

एके दिवशी मालसुन मुळ्याच्या पाल्याची पिशवी घेऊन खालच्या ओल्या कचऱ्याच्या पेटीपाशी गेली आणि तशीच परत आली. पाला ताजा होता. तिचा हात काही उघडेना. ती चार जिने चढून थेट माझ्याकडे आली आणि म्हणाली, "रिकामा बसून काय करतोस? यापुढे खत करायचं."

मित्रांनो, खरे सांगतो, मला तेव्हा मरणाचा अपमान वाटला. सोया सॉसच्या रांजणात कचरा! पण तिने मला लगेच तसेच वापरले नाही. पावसाळाभर माझ्यात पाणी भरून ठेवले. भरायची, मुरू द्यायची, बोट बुडवून चाखायची, ओतून द्यायची. पाणी चाखल्यावर गोडे लागले तेव्हाच थांबली. माझ्या भिंतीत मुरलेले मीठ तिने जिभेने तपासून काढले आहे. कुणी विचारले तर हे सांगा. कुणी विचारणार नाही.

मग तळाशी टेकडीवरचा सुका पालापाचोळा. त्यावर फळांच्या साली, भाज्यांची देठे, कुस्करलेली अंड्यांची टरफले. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातला चोथा तिथली पोरगी पिशवी भरून देई. वर मूठभर तांदळाचा कोंडा, तांदळाच्या धुवणाचा शिडकावा, पुन्हा पालापाचोळा. सोयाबीन ढवळायचे जुने लाकडी वल्हे घेऊन ती सगळे खालीवर करायची. आणि काही दिवसांनी माझे पोट गरम झाले. कितीतरी वर्षांनी! आत पुन्हा काहीतरी जगत होते. सोयाबीन आंबो की सालपटे आंबोत, माझे काम श्वास घेण्याचे. अपमान मी तिथेच विसरलो.

मालसुनचा नियम एकच होता. खारट काही नको.

त्यावर बोंगजा कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "ताई, आपल्या घरात खारट नाही असं असतं तरी काय? किमची खारट, सूप खारट, सुकी मासळी खारट. आमचे हे तर घामानंच खारट."

"मग नवऱ्याला टाकू नकोस," मालसुन म्हणाली. "बाकीचं धू, पीळ, परत धू, मग आण. मीठ आत गेलं की रोप गेलं."

सगळी इमारत धुऊ-पिळू लागली. पुढच्या उन्हाळ्यात या गच्चीवर थर्मोकोलच्या मासळीच्या खोक्यांमध्ये अशा मिरच्या लागल्या, की शेजारच्या इमारतीतले लोक त्यांच्या गच्चीवरून हात करून विचारत. त्यांना बोंगजा काय सांगायची, ऐका. "आमच्या रांजणाचं खत आहे!" आमच्या. तेव्हा मी तिचा होतो. त्याच मिरच्या वाळवून, कुटून, सगळ्या इमारतीची हिवाळ्याची किमची, कोबीचे ते आंबवलेले तिखट लोणचे, लाल झाली.

खांदे

आता तो दिवस सांगतो.

किमची घालायचा दिवस याच गच्चीवर होतो. आदल्या दिवशी कोबी चिरून मोठाल्या रबरी टोपांत मिठात घालतात. लांबट, पांढऱ्या जाड शिरांचा कोबी, डोंगरभर. मिठात घालण्याआधी बाहेरची जून पाने काढतात. ती चांगली पाने. ती माझी. दुसऱ्या दिवशी कोबी धुताना मिठातली काही पाने सुटून येतात, फाटकी, चुरगळलेली. तीही पानेच दिसतात. हिरवी, ओली, ढिगात पडलेली.

मालसुनचा गुडघा त्या दिवशी असा ठणकत होता, की ती स्टुलावर बसून नुसत्या आज्ञा देत होती. बोंगजा धूत होती, हेरिम मसाला भरत होती, दॉकबे उकडलेल्या डुकराच्या मांसाची वाट बघत होता.

"ताई, पानांचं काय करू?" बोंगजाने विचारले.

"पानं सगळी रांजणात," मालसुन वळून न बघता म्हणाली.

आणि बोंगजाने सगळी पाने माझ्यात टाकली. जून पाने टाकली, त्यावर मिठातली पाने दाबून दाबून भरली, न धुता. वर तळहाताने थोपटलेसुद्धा. जी बाई सूपातला कांदा तीनतीनदा धुऊन आणायची, तिला पाने धुवावीत असे सुचले नाही. का? कारण खारट म्हणजे जेवणाच्या ताटातले उरलेले, असा तिचा हिशेब. आणि ही तर अजून किमची झालेलीच नव्हती. पानं म्हणजे पानं.

मी काय करणार? मला तोंड आहे, पण ते आभाळाकडे. माझे म्हणणे फक्त आभाळ ऐकते.

हिवाळ्यात वरून आणखी साली पडल्या, चोथा पडला. मीठ झिरपत सगळीकडे पसरले. मालसुनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. वसंतात तिला जिना चढायची मनाई होती, म्हणून मिरचीची रोपे बोंगजाने लावली. वरवर काळेभोर दिसणारे माझ्यातले खत तिने सढळ हाताने खोक्यांत मिसळले. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या. मग रोपांनी माना टाकल्या. तिने आणखी पाणी घातले, आणि वर माझ्यातलाच काळा रस. मातीवर पांढरा थर आला. एकही रोप वाचले नाही.

मग आळ घ्यायला कोण सापडला?

"सोयाचाच रांजण शेवटी," बोंगजा जिन्यात एकेकाला गाठून सांगू लागली. "जुनं मीठ भिंतीत बसलेलं असतं हो. ताईंना वाईट वाटेल म्हणून बोलत नाही, पण त्यानंच झाडं जाळली. आता चार जिने एवढं धूड कोण खाली नेणार? फोडून पोत्यात भरू आणि टाकून येऊ. ताईंना कळायच्या आत."

ताईंना कळायच्या आत! ज्या माणसाचा रांजण, त्याला कळायच्या आत!

(गोधडी आली. अंगावर पडली. अंधार. डांबराच्या गोळ्यांचा वास. मित्रांनो, मला अजून माझ्या तोंडाबद्दल सांगायचे होते, कुंभाराने ओल्या चामड्याची पट्टी धरून किती नाजूक काठ वळवला होता ते, आणि)

ठण्ण.

तडा

पोटात. पानाच्या देठापासून तिरका खाली. मी फुटलो नाही, पण चिरलो. गोधडीखालून काळे पाणी वाहू लागले.

"अजून एक घाला," बोंगजा म्हणाली.

"थांब, हाताला झिणझिण्या आल्या."

"एका घावात झिणझिण्या? सैन्यात काय केलंत तुम्ही, बटाटे सोललेत?"

आणि तेव्हा जिन्यातून काठीचा आवाज आला. खट्. मग बराच वेळ काही नाही. खट्. माझा आवाज खोल आहे, असे सासूबाई म्हणाल्या होत्या. तो खालपर्यंत पोचला होता.

"दॉकबे!" जिन्यातूनच हाक आली. "हातोडा खाली ठेव. मला ऐकू येतंय तू ठेवलेला नाहीस."

दॉकबेने हातोडा पायावर पडावा इतक्या घाईने ठेवला.

मालसुन दारात आली. चेहरा घामाने भिजलेला, एक हात भिंतीवर.

"ताई! तुम्ही वर कशाला आलात? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय ना!"

"डॉक्टरांनी मला जिना चढू नको म्हटलं. तुला शेजारणीचा रांजण फोडू नको असं कुणी म्हणायला हवं होतं का?"

"मला बोलू नका," दॉकबे म्हणाला. "ही म्हणाली मारा, मी मारला."

मालसुनने गोधडी ओढून काढली. तड्याकडे पाहिले. काठी टेकत ती हळूहळू खाली बसली, त्या नव्या गुडघ्यावर, आणि तड्यातून वाहणाऱ्या काळ्या पाण्यात बोट बुडवून तिने जिभेला लावले.

"शी! ताई, खत आहे ते!"

"माझ्या रांजणातलं मी नाही चाखणार तर कोण चाखणार?" ती थुंकली. "खारट."

"मग मी काय म्हणत होते? भिंतीत मुरलंय. सोयाचा रांजण!"

"गेल्या वर्षी भिंत नव्हती का याला?"

मित्रांनो, या एका वाक्यासाठी मी मालसुनला आणखी शंभर वर्षे सोया सॉस द्यायला तयार आहे.

मालसुनने वल्हे मागवले आणि माझ्या तळापर्यंत घातले. जाड, ओला, एकमेकांत दाबून बसलेला गठ्ठा वर आला. तिने त्यातले एक पान सोडवून झटकले. पिवळट पडलेले, पण आख्खे. शिरेसकट. हिवाळा गेला, वसंत गेला, पान कुजले नव्हते.

"हे धर. मोड."

बोंगजाने जाड शीर दोन्ही हातांनी वाकवली. शीर वाकली. आणखी वाकली. दोन्ही टोके एकमेकांना टेकली, तरी मोडली नाही.

इथल्या कुठल्याही बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कोबी मिठात पुरता मुरला का, हे असेच बघतात. ताजे पान मोडते. मिठातले पान वाकते.

बोंगजाचे कान लाल झाले. "पण ताई," ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, पानं सगळी रांजणात."

"म्हणाले," मालसुन म्हणाली. "सगळी म्हणाले. बघितलं नाही आणि म्हणाले."

दॉकबेने गठ्ठ्यातला एक तुकडा तोडून दाताखाली घेतला.

"वाईट नाही लागत," तो म्हणाला. "थोडा कॉफीचा वास आहे. लसूण हवा होता."

"अहो, थुंका ते!" बोंगजा ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायलाच लागली. "सगळी रोपं माझ्या हातानं मारली हो ताई. रोज पाणी घालत होते. रोज."

पण मित्रांनो, माझे काय? त्या दोघींनी एकमेकींचे डोळे पुसले. मेलेल्या रोपांबद्दल हळहळल्या. माझ्या बाजूने मला एवढेच म्हणायचे आहे. तुम्ही मला मीठ दिलेत आणि पाने दिलीत. मीठ आणि पाने मिळाली की काय करायचे, हे मला तुम्हीच आयुष्यभर शिकवले. जपायचे. सडू द्यायचे नाही. मी थंडीवाऱ्यात, बर्फाखाली, ती पाने जपली. एक पान खराब होऊ दिले नाही. आणि तुम्ही हातोडा घेऊन विचारता, की खत का नाही झाले?

तोंड

त्याला आता वर्ष होत आले.

दॉकबेने माझ्या पोटाभोवती जाड तार पिळून पिळून आवळली. काम चांगले केले. झाकणात आता तो थोटके विझवत नाही. विझवायला जातो, थांबतो, खिशात टाकतो. त्याची विजार जळते, तो बोंगजाचा प्रश्न.

माझ्यात आता सोया सॉस कधीच भरता येणार नाही. तडा गळतो. पण पावसाळाभर माझ्यावर आभाळ कोसळत राहिले, आणि वरून आलेले पाणी आतले मीठ घेऊन तड्यावाटे वाहून गेले. मालसुन त्याखाली वाटी धरायची आणि चाखायची. एक दिवस तिने वाटीतले पाणी बोंगजापुढे धरले. बोंगजाने नाक मुरडले, डोळे मिटले आणि चाखले.

"गोडं," ती म्हणाली.

त्या वर्षी इमारतीला मिरचीपूड बाजारातून आणावी लागली, आणि किमची खाताना प्रत्येक जण नाक मुरडत होता. मला बरे वाटले. मी खोटे बोलणार नाही.

किमचीच्या दिवशी पुन्हा गच्ची भरली. या खेपेला दोन टोपल्या होत्या, आणि मधे बोंगजा बसली होती. प्रत्येक पान ती हातात घेई आणि शीर मोडून बघे. कट् आवाज आला की माझ्यात. वाकले की दुसऱ्या टोपलीत, धुवायला. हेरिम हसून म्हणाली, "काकू, एकेक पान? संध्याकाळ होईल!"

"होऊ दे," बोंगजा म्हणाली. कट्. "तुला काय कळतंय." कट्. "तू बाटलीतलं खाणारी."

मालसुन स्टुलावर बसून बघत होती. या वेळी ती काहीच सांगत नव्हती, नुसती बघत होती.

आणि आता वसंत आला आहे. माझे पोट गरम आहे. खोक्यांत नवी मिरची लावली आहे, बोटभर उंचीची. काल सकाळी बोंगजा एकटीच वर आली. इकडेतिकडे पाहिले. पदराआडून काढावे तसे तिने ॲप्रनच्या खिशातून काहीतरी काढले आणि ओल्या भाताची शिते चोळून माझ्या तड्यावर चिकटवले. पांढऱ्या कागदाचा मोजा. वेडावाकडा कापलेला, टाच मोठी, बोटे बारकी.

"अगं, सरळ लावलास!" जिन्याच्या दारातून मालसुन ओरडली. "उलटा लाव! बोटं वर!"

"खताच्या रांजणाला कोण बघतंय!" बोंगजा दचकून म्हणाली. पण तिने तो सोडवला आणि उलटा लावला.

माझी माफी तिने मागितलेली नाही. रांजणाची माफी कोण मागतो? माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही, कारण राग असला की तडा विसरायला होत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणीतरी असेल. कोपऱ्यात उभे, तोंड आभाळाकडे, बोलता न येणारे. त्याच्यातून काही वाईट निघाले, तर लगेच हातोडा उचलू नका. आधी आठवा, त्याच्यात काय टाकले होते. बोट बुडवा. चाखा. आणि पुढच्या वेळी टाकण्याआधी, एवढेच करा, पान हातात घ्या आणि मोडून बघा.